देवमन उस्तादांची सातची सफाई

देवमन उस्तादांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. नोकरीत सहाची पाळी होती म्हणून साडेचार. नोकरी सुटून सहा वर्षं झाली, तरी साडेचारच. उठले की आधी अंगण, मग अंगणापुढची गल्ली, मग गल्लीतली नाली, या क्रमानं झाडू चालतो. नाली महापालिकेची आहे असं कुणी म्हटलं की ते विचारतात, "अन् वास कोणाले येते? महापालिकेले?"

अकोल्यात अकोट फैल या वस्तीत आमची घरं पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत. एका जिनिंगमध्ये आम्ही बावीस वर्षं बरोबर काम केलं. ते फिटर, मी त्यांचा हेल्पर. पूर्ण नाव देवमन शिरसाट, पण माझ्या तोंडात उस्ताद बसलं ते बसलं. माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. ते मला अरे-तुरे करतात, मी करत नाही.

ज्यांनी जिनिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. मशीनमध्ये कापूस जातो, रोलर रुई ओढून घेतो, सरकी खाली पडते. दिवसभर रुई उडत राहते. ती मशीनच्या अंगावर, पट्ट्यावर, बेअरिंगवर बसते. बेअरिंग तापलं आणि त्यावर रुई असली की आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून पाळी सुटताना मशीन साफ करायचं असतं. बहुतेक लोक फडकं फिरवून भोंग्याबरोबर बाहेर पडत. उस्ताद थांबत. आधी हवेचा पाइप, मग ब्रश, मग स्वतःचं बोट. बोट फिरवून त्याला काही लागलं नाही, तर ते मशीन साफ झालं. याला अर्धा तास लागे. तो अर्धा तास पगारात नव्हता. त्यांच्याकडे बारा मशीनं होती. एकतीस वर्षांत एकालाही आग लागली नाही. शेजारच्या रांगेत दोनदा लागली. याबद्दल त्यांना कुणी कधी दोन शब्द बोललं नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवतो.

आता संगणकाचं.

उस्तादांना एकच मुलगी, भावना. बी.कॉम. झालेली. आई, म्हणजे ललितावहिनी, दोन्ही गुडघ्यांनी अधू. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत जातात, तेवढंच. त्यांना एकटं टाकून भावनाला दिवसभर बाहेर राहता येत नाही. दोन वर्षं तिनं घरबसल्या कामासाठी अर्ज केले. या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीनं तिला घेतलं. पाणी गाळायची मशीनं विकणारी कंपनी. गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि संगणकात लिहायच्या. संगणक मात्र स्वतःचा हवा.

अमरावतीला एक ऑफिस बंद होत होतं. तिथला वापरलेला संगणक उस्तादांनी घेतला. मी बरोबर होतो. बडनेऱ्याला गाडीत बसलो. संगणकाचा पडदा चादरीत गुंडाळून उस्तादांच्या मांडीवर, सीपीयूचा डबा माझ्या मांडीवर. मूर्तिजापूरला त्यांनी हळूच चादरीची कड वर केली, पडद्याच्या कोपऱ्यात बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. काळं झालं होतं.

"इतके शिकेल लोक त्या ऑफिसात," ते म्हणाले, "अन् फडकं नाई माहीत."

घरी आल्यावर डब्याची बाजूची पत्र्याची पाटी उघडून त्यांनी आतून सगळं ब्रशनं झाडलं. वाटीभर धूळ निघाली. इथपर्यंत ठीक होतं. पण उस्तादांना वाटलं की मशीन रोज चालणार, तर ते रोज साफ व्हायला पाहिजे. रोज धूळ तर निघेना. मग त्यांनी मोबाइलवर शोधलं. एका व्हिडिओत एक माणूस सांगत होता की संगणकात आतल्या आत कचरा साचतो. प्रीफेच नावाचा एक फोल्डर असतो. तो उघडा, सगळं निवडा, पुसून टाका. रोज करा. संगणक धावेल.

उस्तादांनी वहीत एकेक पायरी लिहून घेतली. कोणती दोन बटणं एकत्र दाबायची, कोणता शब्द लिहायचा, कुठं होय म्हणायचं. भावनाचं काम सहाला संपे. सातला उस्ताद खुर्चीवर बसत, चष्मा लावत आणि फोल्डर रिकामा करत. दीडशे-दोनशे फायली निघत. निघाल्या की संगणक बंद करून वरून फडकं मारत आणि हात धुऊन जेवायला बसत.

"काय निघालं आज?" वहिनी विचारत.

"एकशे ऐंशी."

"बाप्पा! इतला कचरा? पोरगी फोनवर बोलते का भुईमूग फोडते?"

भावनाला हे माहीत होतं. तिनं अडवलं नाही. ती मला एकदा म्हणाली होती, "काका, नोकरी सुटल्यापासून बाबा असे खुश पाह्यलेच नाई मी. करू द्या."

तिच्या कंपनीचा एक नियम इथं सांगायला हवा, कारण सगळं त्यावर अडलं. कामाची वेळ नऊची. कंपनीचे तीन प्रोग्रॅम उघडावे लागतात. एक हजेरीचा, एक फोनचा, एक तक्रारी लिहायचा. ते आठ पन्नासच्या आधी उघडत नाहीत. आधी उघडायला गेलं तर 'वेळ झालेली नाही' अशी पाटी येते आणि ते बंद होतात. आठ पन्नासला फाटक उघडतं, नऊला बंद होतं. त्या दहा मिनिटांत तिन्ही उघडून 'तयार' हे बटण दाबायचं. नऊनंतर एक मिनिट झालं तरी उशीर. सुरुवातीचे तीन महिने परीक्षेचे. त्यात तीन उशीर झाले की काम संपलं. संगणक सकाळी लवकर चालू करून ठेवता येत होता, ती ठेवतही होती, पण हे तीन प्रोग्रॅम दहा मिनिटांच्या आत उठायला हवेत, त्याला इलाज नव्हता.

ऑगस्टमध्ये एका गुरुवारी तिला अकरा मिनिटं लागली. पहिला उशीर. शुक्रवारी बारा. दुसरा.

त्या शुक्रवारी दुपारी उस्ताद माझ्या घरी आले. ते दुपारी कुणाकडे जात नाहीत. पाणी प्यायले. पेला स्वतः विसळला.

"गफ्फार, पोरीचं काम जाते."

मी सगळं ऐकून घेतलं. म्हणालो, "दुकानात दाखवलं का?"

"दाखोलं. तो म्हणे मशीन जुनी हाय, नवी घ्या. नवी घ्यायची असती तं जुनी मांडीवर काहून आणली असती?" ते थांबले. "मी काई कसर ठेवली नाई, गफ्फार. हळू झाली तसा मी जास्त साफ करून राहिलो. फायली तं पुसतोच. वरून आतल्या आत चालते ती सर्व्हिस बंद केली, ते डिस्क खाते म्हणे. मंग एक आकडा रायते आत, तो तीनचा शून्य केला. सगळं केलं."

मला संगणक येत नाही. मोबाइलवर नातवाचा फोटो पाहतो, इतकंच. पण मशीन बिघडलं की काय विचारायचं, ते मला उस्तादांनीच शिकवलं होतं. कधीपासून बिघडलं? त्याच्या आधी कुणी काय हलवलं? मी म्हटलं, चला, वही घ्या तुमची.

सहाला भावना मोकळी झाली. डोळे लाल होते, पण चहा तिनंच केला. तिच्या टेबलामागं भिंतीवर कॅलेंडर होतं. तिला एक चांगली सवय आहे. रोज तिन्ही प्रोग्रॅम उघडायला किती मिनिटं लागली, तो आकडा ती पेन्सिलीनं त्या तारखेच्या चौकोनात लिहिते. जूनपासूनचे आकडे होते. मी कॅलेंडर खाली काढून पलंगावर ठेवलं, शेजारी उस्तादांची वही.

जूनमध्ये आठ. आठ. नऊ. आठ. जुलैतही तसंच. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दहा. वहीत पाहिलं, तर त्याच्या आदल्या संध्याकाळी सर्व्हिस बंद केल्याची नोंद. मग अकरा, बारा. वहीत शून्याची नोंद बुधवारची.

"हे तं तुमी हात लावल्यावरच वाढून राहिलं," मी म्हटलं.

"हळू झाली म्हणून हात लावला," उस्ताद म्हणाले. "आधी काय, मंग काय, ते पाह्य नं नीट."

बरोबर होतं. जूनमध्येही आठ मिनिटं होतीच, तेव्हा सर्व्हिस चालू होती. मी पुन्हा आकडे वाचले. जुलैत एका ठिकाणी बुधवार सात, गुरुवार पाच, शुक्रवार पाच होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आठ.

"भावना, या तीन दिवसांत काय झालं?"

"काई नाई, काका. मले वाटलं नेट चांगलं होतं."

"उस्ताद, तुमी काय केलं या दिवसांत? वहीत काईच नाई."

उस्तादांनी वही उलटसुलट केली. मग वहिनी पलंगावरून म्हणाल्या, "घरी असतील तं लिवतील नं. मूर्तिजापूरले होते हे. मंगळवारी गेले, शनिवारी आले. मायी भाची नीलम, तिचं लगन नव्हतं का."

उस्तादांनी कॅलेंडर हातात घेतलं. ते तीन चौकोन पाहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी घरी नसलो का मशीन चांगली चालते."

"तसं नाई, बाबा," भावना म्हणाली.

"तसंच हाय. लिवेल हाय तुयं."

भावनानं मोबाइल घेतला आणि प्रीफेच म्हणजे नेमकं काय ते वाचून काढलं. व्हिडिओ पाहिला नाही, वाचलं. मग मराठीत सांगितलं. कोणताही प्रोग्रॅम उघडताना त्याला कोणकोणत्या फायली लागतात, हे संगणक पाहतो आणि त्याची नोंद करून ठेवतो. पुढच्या वेळी तोच प्रोग्रॅम उघडायला घेतला की ती नोंद वाचून त्या फायली मागण्याआधीच आणून ठेवतो. त्या नोंदी त्या फोल्डरमध्ये असतात. सर्व्हिस बंद असली तर हे काम करणाराच नसतो. आकडा शून्य असला तर नोंद घेऊ नकोस, असा हुकूम असतो.

हे ऐकलं आणि मला हसू आलं. उस्ताद रागावले.

"काहून हासतो बे?"

"उस्ताद, मी नवा लागलो तवा पाना द्यायले किती वेळ लावत होतो?"

"लय. शिव्या खायचा."

हे खरं आहे. रोलर बदलताना उस्ताद मशीनखाली पडलेले असत. फक्त हात बाहेर काढत. पहिल्या वर्षी मला कळत नसे की आता कोणता पाना हवा. मी शोधत बसे, ते खालून बोलत. मग मी एका कागदावर लिहून ठेवलं. रोलर बदलायचा तर आधी एकोणीसचा, मग चोवीसचा, मग हातोडी, मग ग्रीस. बेअरिंग काढायचं तर वेगळी यादी. तो कागद टोपीत ठेवत असे. दुसऱ्या वर्षी उस्तादांचा हात बाहेर आला की पाना त्यात असे. मागावा लागत नसे.

"मंग वेळ कमी कसा झाला?" मी विचारलं.

"टोपीत कागद राहे नं तुया."

"तो कागद तुमी रोज सात वाजता फाडून राहिले. अन् आठ दिवसांपासून तं हेल्परलेच घरी पाठोलं."

उस्तादांनी चष्मा काढला. संगणकाच्या डब्याकडे वळले.

"मंग त्यानं सांगाव नाई का?" ते म्हणाले. "तुया कागद फाडला असता तं तू बोंबलला असता."

"हा बोलत नाई. हळू चालते फक्त."

"गरीब हाय बाप्पा," उस्ताद म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, "तरी मी म्हणत होती, त्या डब्ब्याले रोज आंघोळ घालनं बंद करा. माणसालेही रोज इतली घासत नाई कोणी."

"तुले काय माहीत होतं?"

"काई नाई. पन म्हणत होती का नाई?"

आता दुरुस्ती. इथं माझं आणि भावनाचं वाजलं. जिनिंगचा कायदा असा की एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या तर गुण कशानं आला ते कळत नाही. मी म्हटलं, आज फक्त सर्व्हिस चालू करू, सोमवारी पाहू, मग आकडा बदलू. भावनानं सरळ नाही म्हटलं.

"काका, तुमाले कारण शोधायचं हाय. मले सोमवारी नऊच्या आत हजर व्हायचं हाय. एकच उशीर उरला माया."

मी उस्तादांकडे पाहिलं. ते तरी कायद्याच्या बाजूनं बोलतील असं वाटलं.

"पोरगी बरोबर बोलते," ते म्हणाले. "आग लागल्यावर कोणती ठिणगी होती ते मंग पाहू."

ती बरोबर होती, मी चुकीचा होतो. माझ्या म्हणण्याप्रमाणे गेलो असतो तर सोमवार हातातून गेला असता.

परत फिरवायला फार वेळ लागला नाही, याचं श्रेय उस्तादांच्या वहीला. कोणता नट किती आटे ढिला केला, हे लिहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात नट ढिला केला नाही. शून्याआधी तीन होता, तो कुठल्या फोल्डरच्या पोटात, कोणत्या नावापुढं, सगळं लिहिलेलं होतं. भावनानं वही शेवटून पुढं वाचत नेली. शून्याचा तीन केला. सर्व्हिस चालू केली, आणि संगणक सुरू होताना तिनं आपोआप सुरू व्हावं असंही ठरवून दिलं. संगणक बंद करून पुन्हा लावला. पाच मिनिटांत काम झालं.

उस्ताद म्हणाले, "आता पाह्यजे चालायले."

पण चालणार कसं? नोंद तर एकही नव्हती. कोरा कागद. हेल्पर परत कामावर आला होता, पण पहिल्या दिवसाचा. त्याला काम दाखवावं लागणार होतं, आणि मधे फक्त शनिवार-रविवार. त्या दिवशी कंपनीचे प्रोग्रॅम उघडत नाहीत.

यावर भावनाला एक गोष्ट सुचली. प्रोग्रॅम उघडत नाहीत म्हणजे काय होतं? ते सुरू होतात, कंपनीला विचारतात, 'वेळ झालेली नाही' अशी पाटी दाखवतात आणि बंद होतात. म्हणजे पाटीपर्यंत तर येतात. नोंद सुरुवातीचीच होत असते. मग नकार मिळाला तरी चालेल. नोंद तर होईल.

शनिवारी सकाळी दहाला मी घड्याळ घेऊन गेलो. माझ्या मनगटावरचं, सेकंदकाट्याचं. भावना संगणक बंद करून लावायची, थोडा शांत होऊ द्यायची, मग हजेरीचा प्रोग्रॅम उघडायची. मी वेळ मोजायचो. उस्ताद वहीत लिहायचे. पाटी यायला पहिल्यांदा तीन मिनिटं चाळीस सेकंद लागले. मग फोनचा, चार मिनिटं. मग तक्रारींचा, चार दहा. मग पुन्हा बंद, पुन्हा पहिल्यापासून.

हे काम फार कंटाळवाणं आहे. दर वेळी संगणक उठायला वेळ घेतो. मधे बसून राहावं लागतं. उस्तादांना बसून राहणं जमत नाही. त्यांनी तेवढ्यात टेबलाचे पाय पुसले, खिडकीचे गज पुसले. एकदा डब्याकडे हात गेला.

"बाबा!"

"वरून पुसून राहिलो व माय, वरून!"

दुपारपर्यंत हजेरीच्या प्रोग्रॅमचा नकार दोन मिनिटांवर आला. संध्याकाळी एक पन्नास. आम्ही तिघं खुश होत होतो. नाही म्हणायला संगणक किती कमी वेळ लावतो, यावर. वहिनी पलंगावरून म्हणाल्या, "नाई म्हणून राहिला अन् हे टाळ्या वाजवून राहिले. असे लोक पाह्यले नाई."

सात वाजले. मी ती वेळ मुद्दाम पाहिली. उस्ताद उठले, खुर्चीपर्यंत गेले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. भावना पलीकडे कणीक मळत होती. तिनं पाहिलं आणि मळत राहिली. एकतीस वर्षं त्या हातानं बारा मशीनं आगीतून वाचवली होती. त्याला आता सांगायचं की साफ करू नकोस, असंच सोड, यातच भलं आहे. असं कोण सांगणार?

वहिनींनी सांगितलं. "अवं, गॅसचं बर्नर भरलं हाय. पिवळा जाळ येते दोन दिवसांपासून. पाहा जरा."

उस्तादांनी बर्नर काढला. टाचणीनं एकेक भोक मोकळं केलं. मोजून. पेटवून पाहिला, जाळ निळा आला. मग दुसरा काढला, त्याला काही झालं नव्हतं तरी. रविवारी सातला ते माझ्या घरी आले आणि माझा पंखा साफ करून गेले. पात्यांवर बोट फिरवून मला दाखवलं. मी मान खाली घातली.

रविवारी रात्री नकार एक मिनिट दहावर होता.

सोमवारी साडेआठला मी पोचलो. आत गेलो नाही. माणसं मागं उभी असली की हात अडखळतो. उस्ताद बाहेर नाली काढत होते, सकाळपासून दुसऱ्यांदा. नाली काचेसारखी होती. मी ओट्यावर बसलो. आम्ही दोघांनी माझ्या घड्याळात आठ पन्नास झालेलं पाहिलं. उस्ताद खराटा धरून उभे राहिले. आतून बटणांचा आवाज येत होता. मग तोही थांबला. त्रेपन्न झाले. चोपन्न.

"काहून चूप झाली?" ते म्हणाले.

"उघडत असन."

पंचावन्न. आतून वहिनींचा आवाज आला, "भावने, झालं का व?" उस्तादांनी खराटा भिंतीला टेकवला, पुन्हा हातात घेतला.

छप्पन व्हायला आलं आणि आतून आवाज आला. आम्हाला हाक नव्हती ती. भावना फोनवरच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणत होती, "नमस्कार, मी भावना बोलते, आपली तक्रार सांगा." नऊच्या आधीच तिला पहिला फोन आला होता.

उस्ताद ओट्यावर माझ्याजवळ बसले. त्यांच्या हाताला चिखल होता, तोच हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. थोड्या वेळानं विचारलं, "किती झाले?"

"सहा मिनिटं."

"मूर्तिजापूरच्या वेळी पाच होते." ते विचारात पडले. "एक मिनिट कोठी गेलं?"

मी म्हटलं, उस्ताद, आज असू द्या.

ते एक मिनिटही पुढं सापडलं. मंगळवारी पाच, शुक्रवारी साडेचार. हेल्पर काम शिकत होता. तिसरा उशीर झाला नाही. सप्टेंबरात परीक्षेचे तीन महिने संपले आणि कंपनीनं भावनाला कायम केलं. त्या दिवशी उस्तादांनी वहीत शेवटची नोंद केली, ती मी पाहिली आहे. तारीख, आणि पुढं, 'सातची सफाई बंद. मशीन ठीक.' खाली सही. जिनिंगमध्ये पाळी सोपवताना करत तशी.

कायम करतानाच्या पत्रात कंपनीनं एक अट घातली होती. बोलताना घरातले आवाज गिऱ्हाइकाला ऐकू जायला नकोत. कुकरच्या शिट्टीवरून आणि वहिनींच्या बोलण्यावरून दोन गिऱ्हाइकांनी विचारणा केली होती. वहिनींचा पलंग पलीकडे हलवला, पण उस्तादांच्या घरात दोनच खोल्या, आणि मधल्या चौकटीत दार कधी बसलंच नव्हतं. बांधताना पैसे संपले होते, मग राहून गेलं.

ऑक्टोबरात जिनिंगमधून निरोप आला. कापूस यायच्या आधी सगळ्या मशीनांचे रोलर बसवून द्यायचे होते आणि नव्या पोरांना ते जमत नव्हतं. उस्ताद वीस दिवस गेले. सहासष्ट वर्षांचा माणूस, मशीनखाली उताणा पडून. घरी येताना अंगावर रुईचा एक तंतू नसे. मजुरी हातात आली त्याच संध्याकाळी ते सुताराकडे गेले आणि भावनाच्या खोलीसाठी जाड प्लायचं दार सांगून आले. चौकटीला रबराची पट्टी, आवाज जाऊ नये म्हणून. सुतारानं विचारलं, कडी कोणत्या बाजूला लावू, आतून की बाहेरून? उस्तादांनी सांगितलं, एकच लाव, आतून.